कूलरमधलं अत्तर

आमच्या ऑफिसातल्या बाईंइतका ठाम वास असलेलं माणूस अख्ख्या नागपुरात दुसरं झालं नसेल. बाईंच्या आधी त्यांचा वास जिना चढायचा आणि त्या घरी गेल्यावरही खुर्चीत ओव्हरटाइम करत बसायचा. वास तरी कसला? मोगरा नाही, गुलाब नाही. खस, नागरमोथा आणि आणखी कसलीशी मुळं तिळाच्या तेलात महिनोन्‌महिने मुरवून बाईंनी घरीच केलेलं काळं अत्तर. विहिरीचा गाळ उपसताना येतो तसा गार, काळपट वास. नवा माणूस हमखास विचारायचा, हे बायकांचं अत्तर की माणसांचं? बाई म्हणायच्या, "मातीले विचारलं काय कधी, तू बाई हायेस का माणूस?"

स्वभावही तसाच. पहिल्या भेटीत उग्र, मग हळूहळू गार. साहेब तावातावाने आले की बाई त्यांच्या मनगटावर थेंब टेकवायच्या. "आधी हुंगा, मंग बोला." एक साहेब तर हुंगता हुंगता कशासाठी चिडले होते तेच विसरले आणि शिपायाची रजा मंजूर करून परत गेले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून एक फाइल हरवली, तेव्हा मी कपाटाआड जाऊन चक्क रडलो. "काहून रडून राहिला गा? फाइलच हाये, लेकरू नाही हरवलं," असं म्हणत बाईंनी माझ्या कानामागे अत्तर लावलं आणि चार कपाटं उपसून फाइल शोधून दिली. पुढे अर्ज, टिपणं, मसुदे सगळं मला त्यांनीच लिहायला शिकवलं.

उन्हाळ्यात बाई कूलरच्या पाण्यात टोपणभर अत्तर ओतायच्या. मग सगळं ऑफिस ओलीत केलेल्या वावरासारखं व्हायचं. एक गृहस्थ दाखल्यावर शिक्का मारून घ्यायला आले आणि काम झाल्यावरही कूलरसमोर पाचपर्यंत बसून राहिले. पण पुढे नवे साहेब आले आणि त्यांनी एकदा नाकाला रुमाल लावला. तेवढं आमच्यातल्या चौघांना पुरलं. तक्रार करायची ठरली, आणि अक्षर चांगलं म्हणून अर्ज मी लिहिला. 'उग्र वासामुळे तीव्र डोकेदुखी होते.' खाली सही कोणाचीच नाही. माझं डोकं कधीच दुखलं नव्हतं. साहेबांच्या मर्जीत राहायचं होतं, बस. साहेबांनी तो कागद सरळ बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी दोनदा वाचला, घडी केली आणि पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवसापासून बाई कधी आल्या ते आम्हाला कळेनासं झालं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढा दिला. माझ्या हातावर पेढ्यासोबत एक छोटी बाटली ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "थोडंच लावजो गा. तुयं डोकं दुखते नं."

मी नुसता हसलो. त्याचीच आज लाज वाटते.

आता त्या हुडकेश्वरला लेकीकडे असतात. माझ्या घरापासून स्कूटरने वीस मिनिटं. दोनदा मी त्यांच्या वळणापर्यंत जाऊन परत आलो. यंदा कूलर काढला तेव्हा ती बाटली पहिल्यांदा उघडली आणि पाण्यात एक थेंब टाकला. बायको आतून म्हणाली, "कोण आलं वो?" मी म्हटलं, कोणी नाही. मग बराच वेळ कूलरसमोर बसून राहिलो.