डॉक्टर सांगतील

आमच्या बाईंना कुणी फसवू शकेल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. हृदयाची इको, म्हणजे सोनोग्राफी, काढण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली. माणूस डाव्या कुशीवर झोपला आणि बाईंनी त्याच्या छातीवर प्रोब टेकवला, की कशाचीही लपून राहायची बिशाद नव्हती. मी त्यांची मदतनीस. पडदा ओढायचा, पेशंटला वळवायचं, जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवायची. पुसायचं काम मात्र बाईंनी चौदा वर्षांत मला एकदाही दिलं नाही. तपासणी झाली की छातीवरचं जेल त्या स्वतः कागदाने पुसायच्या. "एवढा चिकटा आपणच केला ना गं," म्हणायच्या.

नव्या मुलींना शिकवतानाही त्यांचं तोंड सणसणीत. "चार कप्पे, चार झडपा. उजवे कप्पे अंगातून आलेलं रक्त फुफ्फुसाकडे धाडतात, डावे फुफ्फुसातून आलेलं अंगभर पोचवतात. झडपेचं काम एकच, पुढे गेलेलं रक्त मागे येऊ द्यायचं नाही. आणि स्क्रीनवर लाल-निळं दिसलं की शुद्ध-अशुद्ध म्हणू नका, बावळटांनो! लाल म्हणजे प्रोबकडे येणारं, निळं म्हणजे लांब जाणारं." ही चूक प्रत्येक मुलगी करायची. धाकटीनेही केली होती. धाकटी म्हणजे बाईंची लाडकी शिष्या, हाताला धरून तयार केलेली.

दुसरा धडा त्याहून कडक. इथे दिसलेलं इथेच राहतं. पेशंटने विचारलं तर एवढंच म्हणायचं, "डॉक्टर सांगतील." नातेवाइकांपाशी तर चकार शब्द काढायचा नाही.

आठ महिन्यांपूर्वी बाई चार दिवस आईकडे गेल्या होत्या, तेव्हा त्यांचे मिस्टर गुपचूप तपासायला आले. छापखान्यात काम करणारा, सदा थट्टामस्करी करणारा माणूस. दम लागतो म्हणाले. धाकटीने इको काढली, पडदा मी ओढला. डावीकडच्या दोन कप्प्यांमधली झडप नीट मिटत नव्हती, थोडं रक्त मागे येत होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी परत बोलावलं. निघताना त्यांनी आम्हाला हात जोडले. "हिला सांगू नका. झोपायची नाही ती. माझं मी बघतो."

कसलं बघतात! परत फिरकलेच नाहीत. आणि आम्ही दोघी रोज बाईंच्या डब्यातलं खात होतो. मी धाकटीला दोनदा टोकलं, तर ती म्हणाली, "बाईंचाच नियम आहे ना?" नियम कसला, खरं सांगायचं तर आम्ही घाबरलो होतो. आठ महिने उलटले म्हटल्यावर तर तोंड उघडायची सोयच उरली नाही.

घरी मिस्टर तिसऱ्या मजल्यावर चढताना दर वळणावर थांबायचे आणि खिशातून फोन काढायचे. बाई मला हसत सांगायच्या, "या वयात फोनचं भारी वेड लागलंय बघ यांना." मी मान खाली घालून बाटली विसळत बसायची.

मग एके दिवशी सकाळी जिन्याच्या दुसऱ्याच वळणावर त्यांना बोलता येईना. बाईंनी त्यांना रिक्षात घालून सरळ आमच्याकडे आणलं, टेबलावर झोपवलं आणि मशीनमध्ये त्यांचा फोन नंबर घातला. स्क्रीनवर जुनी तपासणी उघडली. आठ महिन्यांपूर्वीची तारीख, तपासणाऱ्याच्या जागी धाकटीचं नाव.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीकडे पाहिलं. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं.

त्यांनी प्रोब टेकवला. डावीकडे जुनं चित्र, उजवीकडे आजचं. तेव्हा वरच्या कप्प्यात मागे फिरणारी निळी रेघ होती. आज तो कप्पा त्या निळ्याने भरला होता आणि फुगला होता. खालचा कप्पा जोरात आवळायला हवा, तो कसाबसा हलत होता. एवढं मलाही कळतं. बाईंनी प्रत्येक माप तीनदा घेतलं, मग धाकटीला आत बोलावलं.

"बाई, तुम्हीच म्हणाला होतात की नातेवाइकांना..."

"हो, मीच म्हणाले होते. आणि तीन महिन्यांनी पेशंट आला नाही तर त्याला फोन करायचा, हे कुणी शिकवलं होतं? केलास एक तरी?"

धाकटी रडायला लागली.

"अगं, तिला कशाला बोलतेस?" मिस्टर पडल्या पडल्या म्हणाले. "तुला त्रास नको म्हणून मीच..."

"दर वळणावर मी तुमच्यासाठी उभी राहिले," बाई म्हणाल्या. "फोन बघताय म्हणून हसले. हसत होते हो मी! अख्ख्या गावाची हृदयं बघते आणि माझ्याच घरात मला आंधळं करून ठेवलंत. तुम्ही, ही, आणि ती बाटलीवालीसुद्धा."

मिस्टरांनी मान वळवली. आता त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, भीती होती.

"उशीर झालाय का गं? ऑपरेशनने होईल ना बरं?"

बाईंनी रिपोर्टचा कागद ओढून घेतला.

"डॉक्टर सांगतील," त्या म्हणाल्या. तोच आवाज, जो कुठल्याही पेशंटला ऐकू यायचा.

मग दारापाशी जाऊन, मागे न बघता, मला म्हणाल्या, "त्यांचं पुसून घे."