ताकद शून्य

आमच्याकडे तिला सगळे तराजू म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तीही ओ देते. आम्ही पत्त्यांचे खेळ बनवतो. मी चित्रं काढतो, मालक पैसे घालून कुरकुर करतो, आणि कुठल्या पानाची ताकद किती हे तराजू ठरवते. पान जरा जड झालं की अख्खा खेळ कलंडतो, हलकं झालं की त्याला कुणी हात लावत नाही. हे जमवता जमवता भल्याभल्यांनी हात टेकलेत. ही मात्र इतकी वर्षं टिकून आहे.

तिची पद्धत बघून नवीन माणूस बिचकतो. ती स्वतःशीच खेळते, डावा हात विरुद्ध उजवा. एकाची खेळी चालू असताना दुसरा मांडीखाली दाबून ठेवते, कारण उजवा हात लबाड आहे असं तिचं ठाम मत आहे. उजव्याने चोरून बघितलं म्हणून जिंकत आलेला डाव तिने उधळलेला मी पाहिलाय. मी म्हटलं, “अगं, तुझाच हात ना?”

“म्हणून तर ओळखून आहे,” ती म्हणाली.

त्या वर्षी मालकाने लढाईचा खेळ काढायचं मनावर घेतलं. तोफा, घोडेस्वार, सुरुंगवाले, वेश पालटून फिरणारे हेर, सगळं ठरलं. त्यात तराजूने आपणहून एक पान घातलं: स्ट्रेचरवाले. मालकाने कपाळाला हात लावला. पण ती हटून बसली, आणि त्याला कारण तिचे सासरे.

तिचा नवरा बोटीवर असतो. घरात ती आणि सासरे, दोघंच. तरुणपणी सासरे लढाईत स्ट्रेचर उचलायचे. हातात शस्त्र नाही, पुढे एक माणूस, मागे एक, मध्ये कापडावर जखमी. त्याबद्दल ते कधी फारसं बोलत नाहीत. पण आमचा प्रत्येक खेळ आधी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर खेळला जातो, आणि लढाईचा खेळ आला की म्हातारबुवा सगळी पानं चाळून विचारतात, “सूनबाई, ह्यात आम्ही कुठे?” आता ते नव्वदीला टेकलेत. पुढच्या खेळात नक्की घालू, असं त्यांना सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं.

मालकाने मुदत दिली. “शुक्रवारी छपाई. तोवर हे पान चाललं तर ठेव. नाहीतर त्या जागी आणखी एक तोफ. लोकांना तोफा आवडतात.”

पहिल्यांदा तिने सगळं खरंखुरं केलं. ताकद शून्य, चाल मंद, हल्ला करता येत नाही, आणि दोघे लागतात म्हणून पान दोन जागा अडवतं. उचललेला जखमी बरा होईपर्यंत डाव संपून जायचा. आमच्याकडे खेळून बघायला येणाऱ्या मंडळींनी ते पान एकदा वाचलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मी तीन दिवस खपून काढलेल्या चित्रावर! माझं डोकंच फिरलं. तराजूने शांतपणे कप उचलला आणि म्हणाली, “त्यांचं बरोबर आहे. निरुपयोगी आहे ते.”

मग मालकाने आपली अक्कल पाजळली. स्ट्रेचरवाल्यांना कुणी मारू शकणार नाही, आणि ते एका फेरीत पडलेले सगळे उठवतील! मंडळींनी ते पान असं काही उचलून धरलं की संध्याकाळपर्यंत रणांगणावर दोन्हीकडून नुसते स्ट्रेचरवाले. लढायला कुणी नाही, उचलायला सगळे. घरी तराजूने हे सासऱ्यांना खेळून दाखवलं, तेव्हा ते ठसका लागेपर्यंत हसले. मग एकदम उठून आपला कप विसळायला गेले.

दुसऱ्या कुणी विषय बदलला असता. ती त्यांच्यामागे मोरीपर्यंत गेली.

“बाबा, सगळ्यात कठीण काय असायचं? वजन?”

“वजनाचं काय एवढं. सवय होते.” त्यांनी कप पालथा घातला. “जाताना हात रिकामे असायचे गं. तिथे पडलेले पुष्कळ. आणि येताना एकच आणता यायचा.”

एवढं बोलून ते झोपायला गेले. हे सगळं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, एक हात मांडीखाली दाबून. तोवर नियम तयार होता. ताकद शून्यच. पण त्या फेरीत पडलेली आपली सगळी पानं उघडी मांडायची, आणि स्ट्रेचरवाल्यांनी त्यातलं एक उचलायचं. एकच. ते पुढच्या फेरीत हातात परत येतं, बाकीची कायमची बाद. शत्रू स्ट्रेचरवाल्यांना मारू शकतो, पण त्याचा एकही गुण मिळत नाही.

आता पान जड नव्हतं, हलकंही नव्हतं. इतके दिवस मी ज्याला आकडेमोड समजत होतो, ते काम किती मोठं आहे हे मला तेव्हा कळलं. तोंडाने बोललो नाही, उगाच शेफारली असती.

शुक्रवारी सकाळी सासरे स्वतः आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मालक म्हणाला, “आजोबा, माझ्याशीच खेळा. हे पान चालतं का ते मलाच बघू दे.” नियम ऐकताना मालकाने नाक मुरडलं. “मारून गुण मिळत नाहीत, तर मारेल कोण त्यांना?”

“मारतात,” आजोबा म्हणाले, आणि पानं पिसायला घेतली.

म्हातारा पक्का खेळाडू. शेवटच्या फेरीआधी मालकाच्या नाकी नऊ आले होते. तेवढ्यात मालकाच्या तोफेने आजोबांची दोन पानं पाडली. एक सेनापती, ताकद नऊ. दुसरा आचारी, ताकद एक. तो मी रांगेत जागा भरायला म्हणून काढला होता. आजोबांनी स्ट्रेचरवाले टाकले. सेनापती उचलला की डाव खिशात, हे मलासुद्धा दिसत होतं.

आजोबांनी आचारी उचलला.

आणि हरले. मालक जिंकूनही वैतागला. “अहो आजोबा, सेनापती समोर पडला होता! दिसला नाही का तुम्हाला?”

“दिसला की.” आजोबांनी आचाऱ्याचं पान नीट सरळ केलं. “तेव्हा साहेबालाच उचललं होतं. वरून ऑर्डर होती. आमचा आचारी तिथेच होता, शुद्धीवर. मला नावाने हाक मारत होता.”

स्ट्रेचरवाल्यांच्या जागी घालायला तयार ठेवलेलं जादा तोफेचं पान मालकाने उचललं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. मग खुर्ची मागे सारून छापखान्याला फोन करायला बाहेर गेला.

माझे डोळे भरून आले होते, लपवत नाही. मी तराजूला बाजूला घेतलं आणि म्हटलं, “छपाईला अजून तासभर आहे. त्या आचाऱ्याची ताकद तरी वाढव. चार कर, पाच कर. बाबांसाठी.”

तिचेही डोळे लाल झाले होते. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते पानं गोळा करून पुन्हा पिसत होते.

“नाही,” ती म्हणाली. “एकच राहू दे. पाच केली तर त्याला कुणीही उचलेल.”