'चंबळ'वरून आलेली विचारपूस

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या महिपतराव जाधवांच्या घरचे सगळे पुरुष संस्थानच्या घोडदळात होते. महिपतराव मात्र महायुद्धात आरमारात गेले. मालवाहू जहाजांना सोबत करणाऱ्या 'चंबळ' या लढाऊ जहाजावर ते आणि रत्नागिरीचा दाऊद दिव्याच्या उघडझापीनं निरोप पाठवत.

फाळणीत जहाजांचीही वाटणी झाली. 'चंबळ' कराचीला गेली. दाऊदचे भाऊ तिकडे होते, म्हणून तोही गेला. महिपतराव घरी येऊन कचेरीत लागले. संस्थान विलीन झालं, मध्य भारत हे नवं राज्य आलं, पण त्यांचं मन जहाजावरच राहिलं.

छप्पन्न साली मध्य प्रदेश झाला आणि कचेरी भोपाळला निघाली. सामानाची बांधाबांध चालली असताना अजून आरमारातच असलेला जुना सोबती केळुसकर दारात उभा राहिला.

"सिलोनला दोन्ही देशांची जहाजं कवायतीला आली होती," तो म्हणाला. "आपली 'चंबळ' दिसली. आता नाव बदललंय तिचं."

महिपतरावांच्या हातातली सुतळी सुटली. "दिव्यावर कोण होतं?"

"दाऊद! त्यानं विचारलं, महिपत आहे का?"

"मग?"

"मी कळवलं, ग्वाल्हेरला आहे, खुशाल आहे. तेवढ्यात मध्ये दुसरं जहाज आलं. त्याला दिसलं की नाही, देव जाणे."

महिपतराव बांधलेल्या वळकटीवर बसले. पत्नी लीलाताईंनी पुढं केलेला चहा तसाच निवला.

"पुन्हा गाठ पडली," ते शेवटी म्हणाले, "तर त्याला सांग, भोपाळला आहे."