असईच्या हत्तीला डुक्कर म्हणायचे

आमच्या ऑफिसातले स्कॉटिश साहेब पलटणींच्या बॅजबद्दल बोलायला लागले की कुणाच्या बापाला आवरायचे नाहीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बोटीवरची नोकरी सोडून मी सिंगापुरात जहाजदुरुस्तीच्या कामाला लागलो होतो आणि ते माझे वरिष्ठ होते. चारची कॉफी आली की यांचं सुरू. अमक्या पलटणीने लढाईत फ्रेंचांच्या निशाणावरचा गरुड पळवला, म्हणून तिला पाखरं धरणारी म्हणतात. तमक्या पलटणीचं आणखी काही. मी मान डोलवत माझे रिपोर्ट लिहायचो.

एकदा त्यांनी खिशातून आपल्या वडिलांच्या पलटणीचा, टोपीवर लावायचा बॅज काढला. वडील नव्वदीचे, स्कॉटलंडात एका वृद्धाश्रमात होते.

"या बॅजला डुक्कर आणि शिट्टी म्हणायचे," साहेब हसत म्हणाले. "शिट्टी म्हणजे हे बिगुल आणि डुक्कर म्हणजे हे."

मी चष्मा पुसून पाहिलं. डुक्कर कसलं डोंबलाचं! चांगला सोंडेचा हत्ती होता, आणि त्याच्या डोक्यावरच्या पट्टीत इंग्रजीत असई लिहिलं होतं. माझं टाळकंच सटकलं.

"अहो, हे आमच्या जालन्याकडचं गाव आहे! तिथून दोन कोसांवर माझं घर आहे. आमच्या हत्तीला डुक्कर म्हणता?"

साहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, दुसऱ्या पलटणीचे शिपाई चिडवायला तसं म्हणायचे, एवढासा हत्ती लांबून डुकरासारखाच दिसतो ना! १८०३ साली मराठ्यांशी झालेल्या असईच्या लढाईत ही पलटण जवळजवळ कापली गेली. इंग्रज जिंकले, आणि उरलेल्यांना हा हत्ती मिळाला. मग त्यांनी विचारलं, "गावात त्या लढाईबद्दल काय सांगतात? माझ्या वडिलांना फार उत्सुकता आहे."

मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण गोऱ्या साहेबासमोर आपल्याच मुलखाबद्दल 'माहीत नाही' म्हणायचं? आम्हा लोकांचं तिथेच घोडं अडतं. मी बिनदिक्कत ठोकून दिलं, "दर दसऱ्याला गावकरी वेशीबाहेर दिवा लावतात. तुमच्या शिपायांसाठीसुद्धा."

साहेबांचे डोळे भरून आले. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, पण मी रिपोर्टात डोकं घातलं.

दोन आठवड्यांनी त्यांनी तिकीट दाखवलं. सुट्टीला घरी जाताना वाट वाकडी करून ते असईला जाणार होते. वडिलांनी फोनवर सांगितलं होतं, माझा बॅज त्या दिव्याच्या जागी ठेवून ये, मग मी सुखाने डोळे मिटीन. बॅज ते पुढच्या सोमवारी घेऊन निघणार होते.

हौगांग भागातल्या आमच्या फ्लॅटवर येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने पोळी तव्यावरच ठेवली. "अहो, मरायला टेकलेल्या माणसाला फसवताय तुम्ही! जरा तरी लाज?" अभ्यास करत बसलेली मुलगी मान वर न करता सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "जस्ट से सॉरी लाह, पप्पा." तिला काय, सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बॅज काढून टेबलावर ठेवला. मग फोन ओढून वडिलांचा नंबर लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "मी नाही सांगणार. तूच सांग."

तिकडे सकाळ होती. म्हाताऱ्याचा आवाज बारीक, पण स्वच्छ होता. मी एका दमात सांगून टाकलं: दिवा-बिवा काही नाही, मी थाप मारली, मला माफ करा.  

"पोरा," तो म्हणाला, "ते नाव मी वीस वर्षं डोक्यावर मिरवलं. डुक्कर म्हटलं म्हणून दोघांचे दात पाडले. पण ते गाव आहे, तिथे माणसं राहतात, हे मनात कधी आलंच नाही. तू दिव्याचं बोललास आणि मी विचार करायला लागलो. आमच्यासाठी एक लावतात, मग त्यांच्या स्वतःच्या माणसांसाठी किती लावत असतील? त्यांची किती गेली रे?"

मी त्याच मातीतला, चाळिशी ओलांडलेला माणूस. आमची किती गेली हे मी आजवर कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. या खेपेला मी खरं बोललो, आणि मला रडू आलं.