यंत्रावरचं हळदकुंकू

बाबांचं श्वासाचं यंत्र न्यायला कंपनीचा माणूस दुपारी आला. आतल्या एका भागात दोष निघाला म्हणून कंपनीने असली सगळी यंत्रं परत मागवली होती. त्याने नवं यंत्र जोडलं, बाबांना मास्क चढवला आणि जुनं खोक्यात भरण्याआधी फडक्याने पुसायला घेतलं. त्याच्या झाकणावर दसऱ्याचं हळदकुंकू होतं. शिलाई मशीनला, स्कूटरला लावते तसं आईने यालाही लावलेलं.

“याने काही अपाय झाला असेल का हो ह्यांना?” आईने विचारलं.

“नक्की नाही सांगता येत, काकू. म्हणून तर परत नेतोय.”

मला त्याचा रागच आला. मग वाटलं, निदान खोटं तरी बोलला नाही. कुंकवाचा डाग काही पुरता निघाला नाही. तो तसाच खोक्यात गेला.

दसऱ्याची ती पूजा म्हणजे यंत्रावरचा विश्वास, असं मी समजत आलो. आता वाटतं, ती विनवणी असावी. जे उघडून बघता येत नाही आणि ज्याच्यावाचून चालतही नाही, त्याला आपण दुसरं काय म्हणणार? बाबा रे, दगा देऊ नकोस, एवढंच.

माणूस गेल्यावर आईने देवघरातून करंडा आणला. नव्या यंत्रासमोर तो उघडून क्षणभर थांबली. मग करंडा तसाच मिटून तिने खुर्ची ओढली आणि झोपलेल्या बाबांच्या छातीवर तळवा ठेवून बसून राहिली.