जत्रेला आल्यावर दाखवू

आमच्या विट्याकडच्या गावात निम्म्या घरांतले पुरुष परमुलखात. गलाईचं काम, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं. आमच्या घरचे दोघे भाऊही तीस वर्षं तिकडं केरळात, एकाच दुकानात. थोरले माझ्या जावेचे मालक, धाकटे माझे. वर्षातनं एकदा, गावच्या जत्रेला, आठ-दहा दिवस घरी यायचे. त्यामुळं आमच्याकडं सगळंच जत्रेवर ठेवायची सवय. पोरीचं स्थळ, गळका पत्रा, सासऱ्यांचा मोतीबिंदू, सगळ्याला एकच उत्तर, जत्रेला आल्यावर बघू. माझी किडलेली दाढ मी सात महिने लवंगेवर काढली. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही, याचाच आता राग येतो.

जावेला मी आक्का म्हणायची. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. पन्नाशी गाठायच्या आतच तिची पाळी गेली. त्यानंतर काही वर्षांनी एका जत्रेत, निवदाच्या पोळ्या लाटताना, तिनं मला हळूच सांगितलं की आता नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. आत सगळं कोरडं पडलंय, मिरची लागल्यागत आग होते, दुसऱ्या दिवशी लघवीला बसवत नाही. मन होतं पण अंग साथ देत नाही, म्हणाली. बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी काय केलं, तर हसले. म्हटलं, सून आणायचं वय झालं आक्का, आता कशाला ही हौस. तीही हसली आणि पुढची पोळी लाटायला घेतली. पुन्हा तो विषय तिनं माझ्यापाशी काढला नाही. त्या जत्रेत ती नवऱ्याकडं पाठ करून झोपली. त्यांनी कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

त्याच वर्षी थंडीत तिनं मला न्हाणीतनं हाक मारली. मी आत गेले तर तिनं माझा हात धरून आपल्या डाव्या छातीवर ठेवला. हरभऱ्याएवढी गाठ, घट्ट, जागची न हलणारी. बोंड आत ओढलेलं. मी विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाली. मग मी शहाणीनं निकाल देऊन टाकला. वय झालं की थानं सुकतात, वाळलेल्या दुधाच्या गाठी राहतात, माझ्या आईलाही होत्या. दुखत नाही तर भ्यायचं कशाला?

बघा आमचं डोकं. जिथं दुखत होतं ते वयाचं म्हणून सोसायचं, आणि जिथं दुखत नव्हतं तेही वयाचंच म्हणून सोडून द्यायचं. औषध दोन्हीला होतं.

आक्काच्या मनातनं मात्र गाठ गेली नाही. शेवटी आमचं दोघींचं ठरलं, जत्रेला भावजी, म्हणजे तिचे मालक, आले की त्यांना सांगायचं आणि मग दवाखान्यात दाखवायचं. फोनवर असलं काही बोलायची सोय नव्हती, त्यांच्या आजूबाजूला कारागीर बसलेले असायचे. आम्ही काही घरकोंबड्या नव्हतो. लग्नाचा बस्ता बांधायला दोघीच एसटीनं सांगलीला जाऊन आलेलो, एकदा नाही, तीनदा. पण छाती दाखवायला नवऱ्याला न सांगता जायचं, हे डोक्यातच आलं नाही. मध्ये सरकारी दवाखान्याकडनं घरोघरी फिरणारी आशाताई वही घेऊन दारात आली. छातीत गाठ आहे का, असं तिनं सरळ विचारलं. कट्ट्यावर सासरे बसलेले. आक्कानं माझ्याकडं बघितलं, मी आशाताईला म्हटलं, आमच्यात तसलं काही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

जत्रा आली, भावजी आले नाहीत. दुकान सोडता येत नाही असा निरोप. माझे मालक तेवढे आले. आक्कानं नवी साडी घडी मोडून नेसली होती, ती तशीच दिवसभर अंगावर ठेवून तिनं सगळ्यांना वाढलं. मी माझ्या नवऱ्याला सांगू शकले असते. थोरल्या भावजयीच्या छातीची गोष्ट सांगायला जीभ उचलली नाही. आक्का म्हणाली, राहू दे, पुढच्या साली बघू. पुढच्या सालीही भावजी आले नाहीत.

तोवर गाठ लिंबाएवढी झालेली, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी, काखेतही गोळा. साताऱ्याला दिलेली तिची लेक माहेरी आली आणि ब्लाउजवरचा डाग बघून तिनं घर डोक्यावर घेतलं. तिनंच आईला सांगलीला नेलं, मी सोबत गेले. तपासण्या झाल्या. आजार हाडांत उतरला होता. भावजी विमानानं आले आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला फैलावर घेतलं. न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते, म्हणाल्या, वय वाढतं तसा धोका वाढतो, कमी होत नाही. मग घरातल्या चाळिशीच्या पुढच्या बायकांनी तपासून घ्या म्हणून मलाही आत नेलं. माझं सगळं ठीक निघालं. पाळी गेल्यापासून दुसरा काही त्रास होतो का, नवऱ्याजवळ जाताना, असं त्यांनी सहज विचारलं. चोपन्न वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मलाही वर्षभर तेच होत होतं, आणि पोळ्या लाटताना हसलेली मी कुणाला सांगणार होते? त्या म्हणाल्या, पाळी गेली की तिथली कातडी पातळ होते, ओल कमी होते, लई बायकांना होतं. साधं मलम आहे त्याला. मी चिठ्ठी हातात घेऊन तिथंच रडले. त्यांना वाटलं, मी सुटले म्हणून रडतेय.

वॉर्डात येऊन मी आक्काला ते सांगितलं. ती वर बघत म्हणाली,

"म्हंजे माझ्यात खोट न्हवती."

मी न्हाई म्हटलं. ती म्हणाली, "त्यास्नी सांग. मला आता न्हाई जमायचं."

दीड महिन्यानं ती गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले. संध्याकाळी भावजी सोप्यात एकटे बसले होते. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी तांब्या घेतला नाही. जमिनीकडं बघत विचारलं, "तुझ्यापाशी काय बोलली हुती का ती? माझ्याकडं पाठ का केली तिनं?"

तीस वर्षांत ते माझ्याशी इतकं बोलले नव्हते. मी खाली बसले.

"आवं भावजी, तुमी नको न्हवता तिला. दुखत हुतं. वयानं हुतं तसं. औषध हाय त्याला, आमाला ठाऊक न्हवतं."

त्यांनी टॉवेल तोंडाला लावला. तसेच म्हणाले, "मला वाटलं, मीच नकोसा झालोय. म्हणून तर दोन जत्रांस्नी आलो न्हाई."

दुकानाचं काहीच कारण नव्हतं तर. माझ्या ओठांवर पुढचं वाक्य आलं होतं, की त्या दोन्ही जत्रांना ती गाठ घेऊन तुमचीच वाट बघत होती. मी ते गिळलं. चहा ठेवते म्हणून आत गेले.

भावजींनी नंतर दुकान माझ्या मालकांवर सोडलं आणि ते कायमचे गावी आले. आता दर जत्रेला ते घरीच असतात.