लिगामेंट कुठून घ्यायचं?

आज यवतमाळला गुडघ्याचा एमआरआय दाखवला. लिगामेंट पूर्ण तुटलंय.

"खेळता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन दुरुस्त करते. गुडघे टेकून."

मग त्यांनी दोन पर्याय सांगितले. गुडघ्याच्या वाटीखालची पट्टी काढून नवं लिगामेंट केलं तर ते मजबूत होतं, पण गुडघा टेकताना दुखू शकतं. मांडीमागची घेतली तर ते दुखणं कमी, मात्र सैल पडण्याचा धोका थोडा जास्त.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "कापाकापी कायले करून राह्यली? खुर्चीवरचं काम पाह्य."

"मशीन खुर्चीवर येत नाही, आई."

उद्या उत्तर द्यायचंय. बसमध्ये सारखं मत बदलत होतं. धीर नको, माहिती हवी. ही शस्त्रक्रिया झालेल्यांनो, तुम्ही त्या गुडघ्यावर टेकून काम करू शकता का?